रेल्वेआक्काचा हात

"त्यात हात दिसतोय का ओ, सायेब?"

जीपमधून उतरून मी अजून कंबर सरळ केली नव्हती आणि हिंगणसूरच्या सरपंचांचा पहिला प्रश्न हा. प्रवास कसा झाला नाही, चहा घेणार का नाही, थेट हात.

"कुणाचा हात?" मी विचारलं.

"म्हंजे तुमी बघितलाच न्हाई?" लग्नाला येऊन नवरी न बघता नुसताच जेवून निघालेल्या पाहुण्याकडं बघावं तसं अण्णा चौगुल्यांनी माझ्याकडं पाहिलं.

फिल्म मी पाहिली होती, चांगली चार-पाच वेळा. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा मी पुण्यातल्या एका फिल्म संग्रहालयात नव्यानं लागलो होतो आणि जुन्या फिल्ममधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. हिंगणसूर म्हणजे एके काळचं हातरुमालाएवढं संस्थान. तिथल्या राजेसाहेबांना कॅमेऱ्याचा नाद होता. त्यांच्या वारसांनी माळ्यावरची एक ट्रंक आमच्याकडं पाठवली, तीत बाकी सगळी वाळवी आणि एक धड डबा निघाला. त्या डब्यात १९२८ सालची एक मुकी फिल्म होती : सर हॅलिडे पेम्बर्टन यांची हिंगणसूरला भेट. हा पेम्बर्टन म्हणजे त्या काळातला नामांकित रेल्वेसाहेब. घाट फोडून रूळ टाकणारा, वर्तमानपत्रांत फोटो येणारा. आम्ही सगळ्यांनी फिल्म पाहिली ती त्याच्यासाठी. तो बग्गीतून उतरतो, टोपी काढतो, हार घालून घेतो, ओवाळून घेतो आणि उकाड्यानं हैराण होऊन खुर्चीत बसतो. भोवतीची माणसं कोण, हे मात्र पुण्यात कुणाला ठाऊक असणार? म्हणून मला प्रोजेक्टर देऊन पाठवलं होतं. गावात फिल्म दाखवायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून माणसं ओळखून घ्यायची आणि परत यायचं.

"ओवाळणारी बाई आठवतीया का?" अण्णांनी विचारलं.

"पाच बायका आहेत."

"पाचातली पयली. हावळांची सून. तिनं पंचारती कुठल्या हातात धरलीया ते बघायचंय आमाला. सबंध गाव त्यापायी थांबलंय."

मग चालता चालता त्यांनी मला हिंगणसूरचा इतिहास सांगितला. साहेब गावाला रेल्वे द्यायला आला होता. मोजणी झाली होती, खुंट्या ठोकल्या होत्या, स्टेशन कुठं व्हायचं ती जागा लहान पोरंसुद्धा दाखवत. साहेबाला ओवाळायचा पहिला मान हावळ कोष्ट्यांच्या घराला मिळाला, कारण राजेसाहेबांचे शेले त्यांच्या मागावर विणले जात. आणि त्या घरच्या नव्या नवरीनं साहेबाला डाव्या हातानं ओवाळलं. वर्षाच्या आत रेल्वे शेजारच्या अडूळवाडीला गेली. आज अडूळवाडीत साखर कारखाना होता, कॉलेज होतं, थिएटरं होती. हिंगणसूरला सकाळची एक एसटी होती आणि पावसाळ्यात तीही यायचीच असं नाही.

"मध्ये डोंगर असेल, चढ असेल," मी म्हणालो. "रेल्वे काय हातावर ठरते?"

"चढ व्हताच की," अण्णा शांतपणे म्हणाले. "पर चढ आधीबी व्हता. हात मागनं आला."



माझी उतरायची सोय त्याच हावळांच्या घरी केली होती. माझ्या पडद्याचा दांडा घाटात मोडला होता आणि पडद्याजोगं पांढरं कापड गावात त्यांच्याकडंच होतं. त्या वेळची नवी नवरी, गिरजाक्का हावळ, आता साठी ओलांडून गेली होती. उंच, काटक, आवाजाला खणखणीत. गावात तिला रेल्वेआक्का म्हणत, आणि तेही तोंडावर. ती त्याला ओ देत असे.

जेवायला बसलो तेव्हा समोर तिची नात रतन होती. सहाएक वर्षांची. तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कमरेशी बांधलेला होता आणि उजव्या हातानं ती जेवत होती, म्हणजे निम्मा भात पाटाखाली जात होता.

"हाताला लागलं का हिच्या?"

"लागलं न्हाई, बांधलाय," आक्का म्हणाली. "आमच्या सूनबाईनं."

सून शेवंता चुलीपुढं भाकऱ्या करत होती. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर, त्यामुळं घरात या तिघीच. "डावखुरी हाय, पावनं," ती न वळता म्हणाली. "भाकरी डाव्या हातानं, खडू डाव्या हातानं. पोरं आत्तापासनंच छोटी रेल्वे म्हणत्यात. उद्या सोयरीक घेऊन गेलं तर कोण करंल?"

"माझी केलीच की कुणीतरी."

"तवा सायेब अजून यायचा व्हता, आत्याबाई." तिकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

मला राहवेना. "आक्का, खरंच डाव्या हातानं ओवाळलंत?"

"डाव्याच. मी कधी न्हाई म्हणलं न्हाई. राजवाड्यातली चांदीची पंचारती, ही एवढी, तुपानं भरलेली. लगीन होऊन म्हैना झाला नसंल. म्होरं तांबडालाल सायेब, भवतीनं समदं संस्थान. उजवा हात लागला लटपटाय. तूप सांडाय लागलं. आणि जरा येळ गेला असता तर पंचारती सायबाच्या बुटावर गेली असती. माझा डावा हात जन्माचा खंबीर. त्यात घेतली."

"आणि लोक बोलायला लागले?"

"तवा कुणी बोललं न्हाई. रेल्वे अडूळवाडीला गेली, मग समद्यास्नी आठवलं. मग मातर सोडलं न्हाई. माझ्या हातचं विरजण कुणी नेत न्हाई. बारशाला पाळण्याला हात लावू देत न्हाईत. सासू तर तवाधरनं मरंपातुर माझ्यासंगं बोलली न्हाई. काम सांगायची ती भिंतीला. 'पाणी आणाय पायजे गं बाई,' असं भिंतीला म्हणायची, आन् मी जाऊन आणायची. माझी तिन्ही बाळंतपणं त्या भिंतीनं केली."

ती हे हसत सांगत होती. भिंतीशी बोलणारी सासू तिनं अशी हुबेहूब करून दाखवली की रतनच्या तोंडातला घास बाहेर आला. मीही हसलो. हसून झाल्यावर मात्र माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली.

"हे बघ शेवंता," आक्का म्हणाली, "त्यो हात आज मी बी पयल्यांदाच बघणार हाय. तू बी बघ. त्या हातानं ओवाळताना मी वंगाळ दिसले, तर पोरीचा हात बांध. मी पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई. आन् न्हाई दिसले, तर सोडायचा. कबूल?"

शेवंतानं भाकरी उलटली. "कबूल. पर वंगाळ का चांगलं ते मी ठरवणार."

दिवेलागण झाल्यावर शाळेपुढच्या पटांगणात बांबू रोवले आणि मधे हावळांची धोतरं जोडून शिवलेलं कापड ताणलं. मी जनरेटरशी झटापट करत होतो, त्यामुळं कोण कुठं बसतंय याकडं माझं लक्ष नव्हतं. वर मान केली तेव्हा पुरुष सगळे पडद्यापुढं होते आणि बायका सगळ्या पडद्यामागं.

"जत्रंतल्या तंबूत असंच बसत्यात," अण्णांनी सांगितलं. "कापड पातळ असतंय, तिकडनं बी झ्याक दिसतंय. आन् गड्यांच्या नजरा सिनेमावर ऱ्हात्यात."

बायकांना विड्यांचा धूर लागणार नाही, एवढाच विचार माझ्या मनात आला. मी मशीन सुरू केलं.

मुक्या फिल्मला इतका आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. पुण्यात आम्ही बग्गीतला साहेब बघितला होता. इथं साहेबाला कुणी विचारीना.

"आरं, घोडं धरलेला माझा चुलता."

"पखाल घेऊन चाललाय त्यो कासमचा आजा न्हवं?"

"ती शेळी बघा, ती शेळी. तोरण खातीया."

साहेबाच्या डोक्यामागं खरोखरच एक शेळी मांडवाचं तोरण शांतपणे संपवत होती. संग्रहालयात आमच्यापैकी एकालाही ती दिसली नव्हती. इतक्यात एक उघडंनागडं पोर साहेबासमोरून पळत गेलं आणि पुढच्या रांगेतला एक पन्नाशीचा गडी काठी आपटत उठला. "मी हाय त्यो. मीच."

"आबा, चड्डी कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"तवा निघाल्या न्हवत्या," तो म्हणाला आणि समाधानानं खाली बसला.

नंतर पाच बायकांची रांग आली आणि सगळं पटांगण चिडीचूप झालं. राजेसाहेबांचा कॅमेरा साहेबाला सोडायला तयार नव्हता, त्यामुळं तो बायकांकडं उशिरा वळतो. तोवर पंचारती फिरायला लागलेली असते. एक उंच मुलगी, डोक्यावरून पदर, त्यावर शेला, नाकात नथ.

"डावा," पडद्याच्या पुढून पाच-पन्नास आवाज एकदम आले.

"उजवा," पडद्याच्या मागून त्याहून मोठा आवाज आला.

मग जे सुरू झालं ते सांगता येत नाही. कुणाचे डोळे फुटलेत यावर दोन्ही बाजूंनी मतं पडू लागली. नवऱ्यांनी पुढून बायकांना गप्प बसायला सांगितलं. पडद्यामागून एक आवाज आला, "तुमाला घरात तांब्या कुठं ठेवलाय त्यो दिसत न्हाई, हात काय दिसतोय." काही गडी खात्री करायला पलीकडं निघाले, त्यांना बायकांनी पिटाळून लावलं. अण्णा शांतता करायला उभे राहिले ते नेमके झोतात, आणि त्यांच्या फेट्याच्या सावलीखाली साहेब, पंचारती, सगळं गडप झालं. फिल्मला काही होऊ नये म्हणून मी मशीन बंद केलं.

पुढं अंधार झाला आणि मागं बायकांनी गॅसबत्ती पेटवली. कापडावर त्यांच्या सावल्या हलताना दिसल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकच चित्र, पण पुढून बघणाऱ्याला डावं ते मागून बघणाऱ्याला उजवं. मला इतकं हसू फुटलं की बोलता येईना. सगळ्यांना समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यामागून शेवंताचा आवाज आला.

"आत्याबाई, उजवा हाय वो. उजव्याच हातानं ओवाळलंया तुमी."

तिचा आवाज रडवेला झाला होता. बाकीच्या बायका आक्काभोवती जमल्याचं सावल्यांवरून कळत होतं. "लोकांनी म्हणून म्हणून तिच्या बी डोक्यात भरवलं," कुणीतरी म्हणालं. "बिचारीला उगंच." मी तोंड मिटलं. उद्या सगळ्यांनी एकाच बाजूला बसायचं आणि फिल्म पुन्हा लावायची असा अण्णांनी निकाल दिला.

सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो तेव्हा समोरच्या घरातली तनूबाई हातात वाटी घेऊन आली. उंबऱ्याशी जरा घोटाळली, मग आत गेली. "आक्का, इरजाण हाय का गं वाईच?"

आक्कानं वाडगं काढलं आणि चमच्यानं दही वाटीत घातलं. चांगलं चार माणसांच्या दुधाला पुरेल एवढं. तनूबाई गेल्यावरही ती वाडगं हातात घेऊन तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला फार बरं वाटलं.

आत शेवंता रतनचा हात बांधत होती. "बघितलंस न्हवं रातच्याला? आजीनं उजव्या हातानं ओवाळलं. म्हंजे आजीला जमलं. तुला का जमंना?" आणि तिनं गाठ आदल्या दिवसापेक्षा घट्ट आवळली. रतननं आजीकडं पाहिलं. आक्का वाडग्याच्या कडेचं दही बोटानं निपटत होती, तिचं बोट जागच्या जागी थांबलं.

शेवंता पाण्याला गेली तसा मी आत आलो. "आक्का, रात्रीचं एक सांगायचंय."

"कापडाचं?"

"तुम्हाला कळलं?"

"माझी नथ उजव्या नाकपुडीत दिसली रं मला. समद्या हात बघत व्हत्या, मी माझं त्वांड बघत व्हते. तवाचा फोटू न्हाई माझा. पयल्यांदाच बघितलं." ती जराशी लाजली. "बरी व्हते की दिसाय."

मग मी माझी युक्ती सांगितली. आज गाव एका बाजूला बसणार होतं, पण फिल्म बाजू पालटून चढवणं माझ्या हातात होतं. मुक्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात, मशीनला काही कळत नाही. सगळ्या गावाला उजवाच हात दिसला असता, आक्काच्या माथ्यावरची रेल्वे कायमची उतरली असती आणि मी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेलो असतो. संग्रहालयात कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण त्या क्षणी मला ही युक्ती फार आवडली होती.

आक्कानं वाडगं खाली ठेवलं.

"तनूबाई लगीन होऊन समोर आली त्याला लई वर्सं झाली," ती म्हणाली. "आज उंबऱ्याच्या आत आली."

"तेच म्हणतोय मी. चढवू तशी?"

"न्हाई."

"का?"

"त्यो हात माझा न्हवं. माझ्या हाताला लोकांनी काय म्हणायचं ते म्हणलं, मी सोसलं. आता दुसऱ्याच कुठल्या हाताला चांगलं म्हणणार, आन् त्यो दाखवून माझ्या नातीचा बांधणार. शेवंता कसं बोलली ऐकलंस न्हवं? तू सरळ चढव."

"आणि शेवंताला वंगाळ दिसला तर?"

"तर कबूल केलंया मी," आक्का म्हणाली. "बांधू दे." पण हे म्हणताना तिचा आवाज खणखणीत नव्हता. रात्री त्या गोंधळात हात तिनंही धड पाहिला नव्हता.

संध्याकाळी बायका लवकर आल्या आणि पडद्यापुढच्या पहिल्या रांगा धरून बसल्या. पुरुष आले तेव्हा त्यांना जागाच उरली नव्हती. अण्णांनी कुरकुर केली. "इतकी वर्सं तुमी पुढं बसलाय," तनूबाई म्हणाली आणि हललीच नाही. शेवटी गडी माणसं मागं ताटकळत उभी राहिली.

आक्काला विचारून मी सगळ्यांना कापडाची भानगड समजावून सांगितली. मागून बघितलं की डावं उजवं होतं, उजवं डावं होतं. काल पुरुषांनी पाहिलं ते खरं होतं.

"म्हंजे जत्रंतले समदे सिनेमे आमी उलटेच बघितले?" तनूबाईनं विचारलं.

"हो."

"तरीच. मला वाटायचं, सिनेमातली माणसं डाव्याच हातानं जेवत्यात."

"मग कधी बोलली न्हाईस ती?" मागून तिचा नवरा म्हणाला.

"म्हणलं, मोठ्या लोकांची रीत असंल."

हशा पिकला. पण तो ओसरल्यावर तनूबाईनं आक्काकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. आक्का मध्यभागी बसली होती, एका बाजूला रतन, दुसऱ्या बाजूला शेवंता. शेवंताचा चेहरा उतरला होता. काल रात्री मिळालेलं सगळं मी आत्ता एका वाक्यात काढून घेतलं होतं. मला अपराध्यासारखं झालं आणि मी घाईनं मशीन सुरू केलं.

बग्गी आली, चुलता आला, शेळीनं तोरण खाल्लं. कुणी बोललं नाही. कॅमेरा साहेबावरून सावकाश बायकांच्या रांगेकडं वळला.

डावा हात. कोपरापर्यंत बांगड्या भरलेला, सरळ पुढं आलेला. एवढी जड पंचारती, पण पाची ज्योती ताठ. हात पाण्यातून फिरावा तसा संथ फिरत होता. साहेब तोवर टोपीशी चाळा करत इकडंतिकडं बघत होता, तो थांबला. त्यानं आधी ज्योतींकडं पाहिलं, मग त्या मुलीकडं, आणि कुणी न सांगता मान लववली. साहेबाचं ते वाकणं मी पुण्यात चार-पाच वेळा पाहिलं होतं. तो कशापुढं वाकला ते मी त्या दिवशी पाहिलं.

"डावाच हाय," मागून कुणीतरी म्हणालं, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

आदल्या दिवशी इथंच गोंधळ झाला होता. आज फिल्म पुढं गेली. मुलीनं पंचारती दुसरीच्या हातात दिली आणि ती मागं सरली. उजव्या बाजूला साहेब खुर्चीत बसत होता. पुण्यात आम्ही या वेळी त्याच्याकडंच बघत असू. डावीकडं गर्दीतून एक प्रौढ बाई पुढं आली. करारी चेहरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं दोन्ही हात मुलीच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. मग तिचे ओठ हलले. ती मुलीला काहीतरी सांगत होती. मुलीनं मान खाली घातली, आणि तिथं फिल्म संपली.

पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहिला.

"ही कोण?" अण्णांनी विचारलं.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. ओळख पटली होती, पण सांगायला कुणी धजेना.

"आत्याबाई," आक्का म्हणाली. "आमच्या आत्याबाई."

शेवंतानं मान वळवून सासूकडं पाहिलं. भिंतीशी बोलणारी म्हातारी तिनंही लग्न होऊन आल्यापासून ऐकलेली होती.

"पुन्यांदा लाव," आक्का मला म्हणाली. "तेवढंच लाव."

मी फिल्म मागं घेतली. तेवढा वेळ कुणी जागचं हललं नाही, पोरंसुद्धा. पुन्हा ती बाई गर्दीतून आली, पुन्हा तिनं सुनेच्या गालांवरून हात फिरवले, बोटं मोडली, तिचे ओठ हलले.

"काय म्हणाल्या गं त्या, आक्का?" तनूबाईनं हळूच विचारलं.

आक्काचे डोळे पडद्यावरून हलले नव्हते. "इसरले व्हते मी," ती म्हणाली. "भिंतीसंगं बोललेलं तेवढं ध्यानात ऱ्हायलं. हे पार इसरले व्हते."

"काय म्हणाल्या?"

"'पडू दिली न्हाईस गं बाय,' म्हणाल्या. 'माझ्या हातनं पडली असती.'"

आक्का रडत होती, आणि तिनं डोळे पुसले नाहीत. मागं उभ्या असलेल्या अण्णांनी फेटा काढून हातात घेतला.

शेवंतानं रतनला मांडीवर ओढलं आणि हातावरच्या चिंधीची गाठ सोडायला घेतली. सकाळीच आवळलेली गाठ, नखांनी सुटेना. फिल्म संपली होती म्हणून मी दिवा घालवायला हात पुढं केला.

"थांबा वो पावनं," ती म्हणाली. "उजेड असू द्या." आणि तिनं गाठीला दात लावले.